निवृत्तीआधीच पेटवा परसातली भट्टी

लोहारकामाची ओढ आहे आणि निवृत्तीला चार-पाच वर्षं उरली आहेत, अशा माणसाला माझं पहिलं सांगणं असतं की शेड बांधायची घाई करू नका. मी नेमकं उलटं केलं होतं. वाई तालुक्यातल्या आमच्या घराच्या परसात आधी बारा बाय पंधरा फुटांची पत्र्याची शेड उभी केली आणि मग ऐरण शोधायला निघालो. शेड पश्चिमेला उघडी होती. दुपारी चारनंतर ऊन थेट भट्टीवर यायचं आणि तापलेल्या लोखंडाचा रंगच दिसेनासा व्हायचा. रंग दिसला नाही की लोहारकाम थांबलंच. लोखंड कधी बाहेर काढायचं, ठोकणं कधी थांबवायचं, पाणी कधी द्यायचं (म्हणजे कडक करण्यासाठी तापलेलं पातं कधी बुडवायचं), हे सगळं रंगावर चालतं. दोन वर्षांनी ती बाजू बुजवून दार पूर्वेला काढलं. एकाच शेडसाठी दोनदा पैसे गेले.

म्हणून माझा क्रम असा: आधी हात बसवा, मग आग, मग ऐरण, आणि शेड सगळ्यात शेवटी. पहिल्या तीन गोष्टी नोकरी चालू असतानाच होतात. त्याला कारण शरीराचं आहे. बँकेच्या खुर्चीत तीस वर्षं बसलेल्या माणसाने साठीला येऊन एकदम रोज दोन तास हातोडा चालवला, तर कोपर आणि खांदा धरतात आणि या वयात ते सुटायला महिने लागतात. तेच काम त्रेपन्नाव्या वर्षी महिन्यातून दोन रविवार सुरू केलं, तर हात, पाठ आणि मनगट सावकाश तयार होतात. पगार चालू असताना एखादं चुकीचं अवजार घेतलं तरी सोसतं, पेन्शनीत ते सोसत नाही.

लोहाराच्या दारात

व्हिडिओ बघून बरंच कळतं, पण हातोड्याचा ठोका कानाने शिकावा लागतो. बारा बलुतेदारांतला लोहार आज प्रत्येक गावात उरलेला नाही. बरेच जण ग्रिल आणि गेटच्या वेल्डिंगकडे वळले. तरी आठवड्याच्या बाजाराच्या गावी एखादी भट्टी सापडते, आणि रस्त्याकडेला पाल ठोकून राहणारे घिसाडी, म्हणजे भटके लोहारही दिसतात. त्यांच्याकडे जायची सगळ्यात चांगली वेळ म्हणजे मृग लागायच्या आधीचा महिना. तेव्हा शेतकरी खुरपी, विळे, कुदळी, फाळ शेवटून, म्हणजे तापवून-ठोकून पुन्हा धारदार करून, घ्यायला आणतात. एकाच सकाळी दहा प्रकारची कामं डोळ्यांसमोर होतात.

मी ज्यांच्याकडे जात असे त्यांना सगळे तात्या म्हणत. पहिले चार रविवार मी फक्त भट्टीला हवा देणारा पंखा फिरवला. पाचव्या रविवारी त्यांनी घण हातात दिला आणि म्हणाले, "मी जिथं हातोडी टेकवीन तिथंच मारा. जोर नको, जागा पाहिजे." हे वाक्य मला अजून रोज उपयोगी पडतं.

फुकट शिकवा असं म्हणू नका. शिकाऊ माणूस भट्टीजवळ असला की लोहाराचं काम निम्म्याने मंदावतं. त्याच्या दिवसाची मजुरी द्या. आणखी एक काम तुम्ही त्याच्यासाठी करू शकता. केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्यातल्या अठरा व्यवसायांत लोहार आहे. हाताने काम करणाऱ्या कारागिराला प्रशिक्षण, प्रशिक्षणाच्या दिवसांत ५०० रुपये रोज आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत अशी तिची रचना आहे. हौसेने भट्टी पेटवणाऱ्या पगारदारासाठी ती नाही, पण अर्ज भरायला तात्यांसारख्या माणसाला मदतीचा हात लागतो. बँकेत, कचेरीत आयुष्य गेलेल्या माणसाला ते काम सहज जमतं.

तिथे बसल्यावर दोन गोष्टी बारकाईने बघा. एक, कसलेला लोहार किती कमी हलतो. भट्टी, ऐरण आणि पाणी त्याच्या हाताच्या अंतरात असतं. दुसरी, लोखंड काळपट झालं की तो पुढचा एकही घाव घालत नाही. नवशिका मात्र "अजून दोन घाव" म्हणत थंड लोखंड बडवत राहतो. त्यात अवजाराला चीर जाते आणि मारणाऱ्याच्या कोपरालाही इजा होते.

आग: मातीची भट्टी

पहिली भट्टी विकत घेऊ नका. लाकडी खोकं किंवा जुनं घमेलं, चिकणमाती, वाळू, राख आणि एक पाइप एवढ्यात ती होते.

दोन बाय तीन फुटांचं, आठ-नऊ इंच खोल खोकं बांधकामाच्या फळ्यांचं करा. ते मजबूत टेबलावर किंवा विटांच्या ओट्यावर अशा बेताने ठेवा की भट्टीची कड तुमच्या कमरेच्या थोडी खाली येईल. आपल्याकडचे जुने लोहार जमिनीवर बसून काम करतात, भट्टीही जमिनीतच असते. ती बैठक लहानपणापासूनची असते. पन्नाशीनंतर नव्याने उकिडवं बसून हातोडा मारायला शिकू नका, गुडघे साथ देत नाहीत. उभ्याने काम होईल अशीच मांडणी करा.

चिकणमातीत साधारण तेवढीच वाळू आणि थोडी राख मिसळून घट्ट मळा. खोक्यात ठोकून भरा आणि मधोमध आठ-दहा इंच रुंद, पाच-सहा इंच खोल वाटी कोरा. हवेचा पाइप बाजूने आणा. त्याचं तोंड वाटीच्या तळापासून दोन बोटं वर असावं. पाइप एक इंची, जाड आणि काळ्या लोखंडाचा घ्या. नळाचा चकचकीत पाइप इथे कधीही वापरू नका. त्याच्यावर जस्ताचा लेप असतो. जस्त ९०७ अंशांना उकळतं, भट्टीत तेवढी उष्णता सहज होते आणि त्याचा पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. भंगारातून आणलेल्या प्रत्येक चकचकीत तुकड्याला हाच नियम लावा.

माती सावलीत आठ-दहा दिवस वाळू द्या. भेगा पडतीलच, त्या ओल्या मातीने बुजवा. पहिल्या दोन वेळा मंद आग करा. एकदम जोराची आग दिली तर आतला ओलावा वाफ होऊन मातीचे कपचे उडतात. याच कारणासाठी कोबा किंवा शहाबादी फरशीवर थेट आग करू नका आणि लालभडक लोखंडही टाकू नका.

हवेसाठी हाताने फिरवायचा लोखंडी पंखा हार्डवेअरच्या दुकानात अजून मिळतो. विजेच्या ब्लोअरपेक्षा मला तोच आवडतो. हात थांबला की हवा थांबते आणि कोळसा वाया जात नाही. विजेचा घेतलाच तर पाइपवर हवा कमीजास्त करणारी पत्र्याची झडप बसवा. दगडी कोळसा वापरणाऱ्यांनी आग चालू असताना पंखा पूर्ण बंद करू नये, कारण धुराचा वायू पाइपमध्ये मागे शिरतो आणि पुन्हा हवा दिली की फाटकन पेटतो.

कोळसा कोणता? सुरुवातीला लोणारी, म्हणजे लाकडाचा कोळसा घ्या, बाभळीचा मिळाला तर उत्तम. धूर कमी, लोखंडात गंधक मिसळत नाही, पेटतोही लवकर. त्याच्या ठिणग्या मात्र खूप उडतात, म्हणून कडब्याची गंजी आणि गोठा दूर हवेत. अक्रोडाएवढे तुकडे करून वापरा. मोठ्या तुकड्यांच्या फटींतून हवा सरळ वर जाऊन लोखंडाला लागते आणि खपल्या जास्त धरतात. कोकणात करवंटीचा कोळसा मिळतो, तोही चालतो. दगडी कोळशाला उष्णता भरपूर असली तरी धूर शेजाऱ्यांच्या घरात जातो. फाउंड्रीत वापरतात तो हार्ड कोक पेटायला अवघड असतो आणि हवा थांबली की विझतो, नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. माझ्या भट्टीत तीन तासांच्या कामाला पाच-सहा किलो लोणारी कोळसा लागतो.

गॅसच्या भट्टीबद्दल बरेच जण विचारतात. ती स्वच्छ असते, वेळ वाचवते. पण तिला जास्त दाबाचा रेग्युलेटर, चांगला बर्नर आणि आतून सिरॅमिक लोकरीचं अस्तर लागतं. त्या लोकरीचे तंतू श्वासात जाणं घातक असल्यामुळे वरून भट्टीच्या सिमेंटचा थर देणं भाग असतं. घरगुती सिलिंडर या कामाला जोडू नका. दोन वर्षं कोळशावर काढल्यावर गॅस हवाच आहे का, हे तुमचं तुम्हाला कळेल.

ऐरण

इथे लोक सगळ्यात जास्त पैसे घालवतात. माझी पहिली ऐरण बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची होती. रंग लावलेली, दिसायला देखणी, शिंग (पुढचं निमुळतं टोक) आणि चौकोनी भोक असलेली. तिसऱ्या महिन्यात तिची कड फुटून तुकडा उडाला. बीड ठिसूळ असतं आणि हातोड्याचा घाव गिळून टाकतं. चांगली ऐरण घाव परत देते. बेअरिंगची एक पोलादी गोळी खिशात ठेवा आणि फूटभर उंचीवरून ऐरणीवर सोडा. नऊ-दहा इंच वर उडाली तर ऐरण घेण्यासारखी. चार-पाच इंचांतच बसली तर विक्रेत्याचे आभार मानून निघा.

शिंगाची जुनी ऐरण मिळाली नाही म्हणून अडून बसायचं कारण नाही. आपल्याकडच्या लोहारांची ऐरण म्हणजे बहुतेक वेळा बाभळीच्या ओंडक्यात रोवलेला पोलादाचा चौकोनी ठोकळा. तेवढ्यावर पिढ्यानपिढ्या नांगराचे फाळ झाले आहेत. शंभर मिलिमीटर चौरस आणि चारशे मिलिमीटर उंचीचा ठोकळा साधारण ३१ किलोचा होतो. सव्वाशे चौरस आणि साडेचारशे उंच घेतला तर ५५ किलोंचा, आणि तो आयुष्यभर पुरतो. कोल्हापूरजवळ शिरोली, गोकुळ शिरगाव, तसंच पुण्याच्या भोसरी-चिंचवड पट्ट्यात पोलाद कापून देणारी दुकानं आहेत. कापताना उरलेले तुकडे त्यांच्याकडे वजनावर मिळतात. ठोकळा उभा रोवा. घावाच्या खाली जेवढं वजन सरळ उभं असेल तेवढा ठोका भरीव लागतो.

रेल्वे रुळाचा तुकडाही उत्तम चालतो. ६० किलोच्या रुळाचं एक मीटर म्हणजे ६० किलो, अर्धा मीटर उभा रोवला की ३० किलोंची ऐरण झाली. पण तो पावती घेऊनच आणा. रेल्वेचं सामान बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे. लिलावातून आलेला माल आहे हे कागदावर दाखवता आलं पाहिजे. "भंगारवाल्याने दिला" एवढ्याने भागत नाही.

उंची मोजायची साधी रीत आहे. चपला घालून सरळ उभे राहा, हात खाली सोडा, मूठ वळा. मुठीची बोटं जिथे येतात तिथे ऐरणीचा माथा आला पाहिजे. त्याहून खाली असेल तर कंबर मोडते, वर असेल तर खांदा. ओंडका हातभर जमिनीत पुरा आणि भोवती मुरूम ठोकून बसवा. ऐरणीला जाड साखळीचे दोन वेढे दिले की तिचा किणकिणाट बराच कमी होतो. मोठा चुंबक चिकटवला तरी आवाज बसतो, मात्र पेसमेकर बसवलेल्याने तो प्रकार टाळावा.

बाकीची अवजारं

एक हातोडा, ८०० ग्रॅम ते एक किलो. जड हातोड्याने काम लवकर होतं हा गैरसमज आहे. लोखंड तिसऱ्यांदा तापवून ठोकेपर्यंत हात थकतो आणि घाव तिरपे पडायला लागतात. नव्या हातोड्याच्या तोंडाच्या कडा धारदार असतात, त्या कानशीने गोल करून घ्या, नाहीतर प्रत्येक घावाची चंद्रकोर लोखंडावर उमटते. दांडा धामणीचा किंवा बाभळीचा हवा. मूठ सैल धरा, अंगठा दांड्यावर ताणून ठेवू नका.

दोन सांडशा, एक चपट्या तोंडाची आणि एक गोल सळईसाठी. सांडशीत लोखंड हलत असेल तर ती त्या कामाची नाही. सुटलेला लाल तुकडा नेहमी पायाकडेच येतो. सुरुवातीचे काही महिने दोन-अडीच फूट लांब सळईवर काम केलं तर सांडशी लागतच नाही, दुसरं टोक हातात धरता येतं.

लेग वाइस, म्हणजे लोखंड घट्ट पकडणारा लांब पायाचा शिकंजा, मिळाला तर सोडू नका. त्याचा पाय जमिनीवर टेकलेला असतो, म्हणून घाव सोसतो. साधा बेंच वाइस ठोकाठोकीने तडकतो. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी, मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या दुकानांत शोधा. घाई करू नका. मला माझा दीड वर्षाने मिळाला. याशिवाय दोन छिन्न्या, दोन पंच, तारेचा ब्रश, कानस, पाण्याचं पिंप. ग्राइंडर असला तर काम सोपं होतं, पण त्याचं संरक्षक कवच काढून कधीही चालवू नका.

पहिल्या वर्षाचा सगळा खर्च साध्या मोबाइल फोनच्या किमतीत बसावा. त्यापलीकडे जात असाल तर काहीतरी न लागणारं घेताय.

लोखंड आणि रंग

सरावासाठी दहा-बारा मिलिमीटरची साधी चौकोनी सळई घ्या. हे मऊ लोखंड आहे. चुकलं तर पुन्हा तापवा, काही बिघडत नाही. घरबांधणीच्या टीएमटी सळईचे तुकडे फुकट मिळतात, आकडे आणि खुंट्या करायला ठीक, पण प्रत्येक तुकडा वेगळा वागतो. पात्याच्या कामाला ट्रकचा कमानपाटा, म्हणजे त्याच्या स्प्रिंगची पोलादी पट्टी. तो पहिल्या सहा महिन्यांत हातात घेऊ नका. फार कडक असतो, एकट्याच्या हातोड्याला दाद देत नाही.

आता रंग. सावलीत बघा, ही अट विसरू नका. अंधारात जेमतेम दिसणारी लाली म्हणजे साधारण ५५० अंश, तेव्हा ठोकू नका. डाळिंबी लाल म्हणजे ८०० च्या आसपास, इथे थांबून परत भट्टीत घाला. नारिंगी म्हणजे हजारच्या जवळ, चांगलं काम होतं. पिवळा रंग म्हणजे ११०० च्या वर, मऊ लोखंड इथे मेणासारखं वळतं, कमानपाट्याला मात्र एवढं तापवायची गरज नसते. त्यापुढे पांढुरका होऊन फुलबाजीसारख्या ठिणग्या उडू लागल्या की लोखंड जळतंय. जळलेला भाग कापून टाकावा लागतो, तो सुधारत नाही.

पहिल्या सहा महिन्यांचा सराव एवढाच: सळईला चौकोनी टोक काढणं, ते टोक गोल करणं, नव्वद अंशांत वाकवणं, पीळ देणं, भोक पाडणं. टोक गोल करायचं असलं तरी आधी चौकोनी, मग आठ बाजूंचं, मग गोल. सरळ गोल करायला गेलात तर मध्ये चीर पडते. या पाच गोष्टींतून निखारे ओढायचा आकडा, भिंतीच्या खुंट्या, टांगायचे एस आकाराचे आकडे आणि शेवटी तुमची स्वतःची सांडशी होते. सांडशी जमली की खुरपं करायला घ्या.

पाणी देणं

लोहारकामात मला सगळ्यात जास्त जीव लावणारी गोष्ट हीच आहे. खुरपं घडवून झालं तरी ते मऊच असतं. पाणी दिल्यावर त्याचं अवजार होतं.

लोखंडात कार्बन पुरेसा असेल तरच पाणी धरतं. साध्या सळईत तो साधारण पाव टक्क्याच्या आत असतो, म्हणून तिला कितीही पाणी द्या, धार टिकत नाही. कमानपाट्यात तो अर्धा ते पाऊण टक्क्याच्या दरम्यान असतो, तो धरतो. किती तापवायचं हे चुंबक सांगतो. लोखंड ७७० अंशांच्या आसपास चुंबकाला चिकटायचं थांबतं. तिथून किंचित पुढे, डाळिंबी लालीची एक छटा वर, हा पाणी द्यायचा क्षण.

तात्या फक्त धारेकडचा दोन बोटं भाग तापवत, पाण्यात जेमतेम बुडवत, लगेच काढून विटेच्या तुकड्याने घासून चकचकीत करत आणि मग बघत बसत. मागच्या अंगातली उष्णता हळूहळू धारेकडे येते आणि त्या चकचकीत पट्टीवर रंग सरकतात. आधी फिकट पेंढ्यासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. पिवळा सुमारे २२० अंशांना येतो, निळा ३०० च्या जवळ. सुरीसाठी पिवळ्यावर, छिन्नीसाठी तपकिरी-जांभळ्यावर, दगडाला लागणाऱ्या कुदळीसाठी जांभळा-निळा मिळतो तिथे पुन्हा पाण्यात. पिवळ्यावर थांबवलेली कुदळ पहिल्याच खडकावर तुटते.

नवशिक्याने कमानपाट्याला पाण्याऐवजी तेल वापरावं, पाण्यात तो तडकायची भीती असते. शेंगतेल चालतं. इंजिनचं जळकं तेल नको, त्याचा धूर विषारी असतो. तेल लोखंडी डब्यात, दोन तृतीयांश भरलेलं, हाताला सोसवेल त्याहून जरा जास्त कोमट, आणि शेजारी घट्ट बसणारं झाकण. तेल पेटलं तर पाणी टाकायचं नाही, झाकण ठेवायचं. पातं उभं बुडवा, तिरपं नाही, नाहीतर वाकतं. नंतर घरच्या ओव्हनमध्ये दोनशे अंशांवर तासभर, असं दोनदा, केलं की पात्यातला ठिसूळपणा जातो. ओव्हनमध्ये ठेवण्याआधी तेल नीट पुसा, स्वयंपाकघरात वास राहिला तर पुढच्या वेळी परवानगी मिळत नाही.

तलवारीच्या मोहात पडू नका. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांची हत्यारं १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात. घरगुती आणि शेतीच्या अवजारांना त्यातून वगळलं आहे. विळी, कोयता, खुरपं, अडकित्ता, कुऱ्हाड यांतच आयुष्यभराचं काम आहे.

अंगाची काळजी

टेरिकॉट, नायलॉन अंगावर नको. ठिणगीने ते वितळून कातडीला चिकटतं. जाड सुती किंवा खादीचा सदरा, चामड्याचा एप्रन, पूर्ण बंद चामडी बूट. मधुमेहाने पायांची जाणीव कमी झालेल्यांनी बुटांची हयगय करू नये, निखारा आत गेलेला कळत नाही. डोळ्यांवर पॉलिकार्बोनेटचा चष्मा, वाचायच्या चष्म्यावरही बसणारा मिळतो. भट्टीत टक लावून बघायची सवय टाळा, नजर टाकून वळा. कानात आवाज अडवणारे बोळे (इअरप्लग) रोज घाला. ऐरणीच्या आवाजाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

सगळ्यात जास्त भाजतं ते काळ्या लोखंडाने. लाल लोखंडाला कोणी हात लावत नाही. चारशे अंशांचं लोखंड मात्र दिसायला थंडच असतं. कोणतीही वस्तू उचलण्याआधी हाताची पालथी बाजू जवळ नेऊन धग बघा. भाजलं तर वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. हळद नाही, टूथपेस्ट नाही.

वीस मिनिटं काम, दहा मिनिटं बसणं. रक्तदाब असेल तर उन्हाळ्यात सकाळी दहापर्यंतच. भट्टी बंद खोलीत कधीही पेटवू नका, कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. वाळूची बादली, पाण्याचं पिंप आणि पावडरचा अग्निशामक दाराजवळ ठेवा. काम संपल्यावर निखारे पसरून तासभर तिथेच थांबा, मी त्या वेळात अवजारांना तेल लावतो.

आता शेड

वर्ष-दोन वर्षं उघड्यावर, झाडाच्या सावलीत काम झालं की वारा कुठून येतो, धूर कुणाच्या खिडकीत जातो, कुठे उभं राहिल्यावर रंग दिसतो, हे तुम्हाला ठाऊक असतं. तेव्हाच खड्डे खणा. दहा बाय बारा फूट एका माणसाला पुरतं. जमीन मुरमाची ठोकलेली ठेवा, पडलेलं गरम लोखंड तिथे निवांत निवतं आणि पायांनाही ती मऊ लागते. छप्पर पत्र्याचं, दहा फुटांच्या वर. दोन बाजू वरून उघड्या, पण नैऋत्येकडची बंद, नाहीतर पावसाळ्यात ऐरण भिजते. धुराड्याला आठ इंचांपेक्षा कमी व्यासाचा पाइप घेऊ नका, दहा-बारा इंच चांगला, आणि तो छपराच्या माथ्याच्या वर काढा. भट्टी ते ऐरण एक पाऊल आणि वळण, चार फुटांच्या आत. शेतजमिनीवर बांधत असाल तर आधी तलाठी आणि ग्रामपंचायतीत विचारून घ्या.

शेजाऱ्यांशी पहिल्या दिवशीच बोला. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांत आहे, ऐरणीचा ठोका तिच्याहून बराच मोठा असतो. मी सकाळी नऊ ते साडेअकरा एवढंच ठोकतो, दुपारी कानस आणि जोडणी. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत ऐरण बंद. शेजारच्या दोन घरांची खुरपी आणि विळ्या मी दरवर्षी शेवटून देतो, आणि आजवर कुणी तक्रार केलेली नाही.

पावसाळ्यात गंज रात्रीत धरतो. ऐरणीच्या माथ्याला तेलाचा बोळा फिरवून वर गोणपाट टाका. घडवलेल्या वस्तूला हाताला चटका बसेल इतकी गरम असतानाच जवसाचं तेल किंवा मेण चोळा, ते आत मुरतं. आणि खंडेनवमीला अवजारं पूजेला मांडण्याच्या आदल्या दिवशी एकेक अवजार उन्हात धरून बघा: दांड्याला चीर आहे का, पाचर सैल झाली आहे का, छिन्नीच्या डोक्याला पाकळ्या फुटल्या आहेत का. पाकळ्या घासून काढा, सैल दांडा बदला, मगच हळदकुंकू लावा.